नकाराच्या कादंबऱ्या

अमेरिकी विचारवंत इमर्सन यांनी १८६१ मध्ये जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेजुडिस' आणि 'पर्स्युएशन' या कादंबऱ्या वाचल्या आणि आपल्या रोजनिशीत संताप ओकला. या लेखिकेपुढे प्रश्न एकच, माणूस लग्नाला योग्य आहे की नाही, असं त्यांचं म्हणणं. यापेक्षा आत्महत्या अधिक प्रतिष्ठेची, इथपर्यंत ते गेले. दीडशे वर्षांनी, २०११ मध्ये, व्ही. एस. नायपॉल यांनी लंडनमधल्या एका मुलाखतीत कोणतीही लेखिका आपल्या तोडीची नसल्याचं सांगितलं आणि ऑस्टिनच्या भावुक आकांक्षांशी आपलं जमणं शक्यच नाही, असा शेरा मारला. दोघेही मोठे लेखक, आणि दोघांचंही वाचन चुकलेलं.

आपल्याकडेही हा शेरा नवा नाही. उपवर मुली, सांगून आलेली श्रीमंत स्थळं, नाचगाणी, गैरसमज आणि शेवटी लग्न, एवढ्यात अख्खी अभिजात इंग्रजी कादंबरी निकालात काढली जाते. काही जण प्रेमानं तेच म्हणतात: "किती गोड प्रेमकथा!" निंदा असो वा कौतुक, दोन्हींचा पाया एकच, की या कादंबऱ्या लग्न जमण्याच्या आहेत. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. या कादंबऱ्यांचा कणा नकार आहे. हाती पैसा नसलेल्या, डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या नावावर असलेल्या मुलीनं चालून आलेल्या स्थळाला 'नाही' म्हणणं, ते 'नाही' कोणी ऐकून न घेणं आणि तरीही तिनं त्यावर ठाम राहणं, ही त्यांची खरी कथावस्तू आहे.

हे पटायला आधी त्या काळचा कायदा पाहावा लागतो. ब्लॅकस्टोन यांच्या १७६५ पासून प्रसिद्ध झालेल्या कायदाग्रंथात तत्त्व स्पष्ट मांडलं आहे: विवाहानं नवरा-बायको कायद्याच्या नजरेत एकच व्यक्ती होतात आणि बाईचं स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व स्थगित होतं. एकवीस वर्षांची अविवाहित स्त्री मालमत्ता बाळगू शकत होती, करार करू शकत होती, मृत्युपत्र करू शकत होती, दावा लावू शकत होती. चर्चमधून बाहेर पडताना हे सगळं तिच्या हातून गेलेलं असे. तिची रोकड, दागिने, पुढे तिनं स्वतः मिळवलेला पैसा, सगळं नवऱ्याचं. जमीन असेल तर तिचा ताबा आणि उत्पन्नही त्याचंच. श्रीमंत बाप वकिलांकरवी करारनामा करून काही रक्कम विश्वस्तांकडे ठेवत, पण ती सोय ज्यांना परवडे त्यांची. मुलं बापाची. अगदी लहान मुलांच्या ताब्यासाठी आईला न्यायालयात जायची वाट मिळाली ती १८३९ मध्ये, तीही कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेच्या झगड्यामुळे.

आणि या घरातून बाहेर पडायला दार जवळपास नव्हतंच. १८५७ पर्यंत पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स'मध्ये (१८५४) स्टीफन ब्लॅकपूल हा गिरणी कामगार मालकाला विचारतो की दारूच्या आहारी गेलेल्या बायकोपासून मोकळं कसं व्हायचं. मालक खर्चाचा आकडा सांगतो: हजार ते दीड हजार पौंड, कदाचित त्याच्या दुप्पट. स्टीफनसारख्या माणसानं जन्मभर राबूनही तो पैसा जमला नसता. १८५७ च्या कायद्यानं घटस्फोटासाठी न्यायालय दिलं, पण मोजमापं दोन ठेवली. बायकोचा व्यभिचार नवऱ्याला पुरेसा. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क मिळाला तो १८८२ च्या कायद्यानं.

आता या चौकटीत मागणी घालण्याचा प्रसंग ठेवून पाहा. मुलीचा होकार हा, नवरा जिवंत असेपर्यंत, तिचा शेवटचा स्वतंत्र कायदेशीर निर्णय होता. मागणी आणि उत्तर यांच्यामधला अवकाश हीच काय ती तिच्या सत्तेची जागा. लेखिकांनी या थोड्या दिवसांवर शेकडो पानं खर्च केली याचं नवल वाटू नये. जिथे एका शब्दावर उरलेलं सगळं आयुष्य टांगलेलं आहे, त्या शब्दाबद्दल लिहिणं क्षुल्लक कसं?

'प्राइड अँड प्रेजुडिस'मधली (१८१३) कॉलिन्सची मागणी बारकाईनं वाचा. बेनेट कुटुंबाची लाँगबोर्नची जमीन वर्षाला दोन हजार पौंड देते, पण ती फक्त पुरुष वारसाकडे जाणार आहे आणि तो वारस म्हणजे हाच कॉलिन्स. बाप मेला की आई आणि पाच मुली बेघर. कॉलिन्स या पाचांतल्या एलिझाबेथसमोर आपण लग्न का करतो आहोत याची कारणं क्रमवार मांडतो, आणि त्याच ओघात तिला हिशेबही ऐकवतो: तुझ्या वाट्याला चार टक्के व्याजाचे एक हजार पौंड, तेही आईच्या पश्चात. म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. इतकी कमी रक्कम असताना दुसरी मागणी येईलच याची खात्री नाही, हेही तो बजावतो. तिचा नकार ऐकल्यावर तो जे बोलतो ते आजही अंगावर येतं. चांगल्या घरच्या मुली मनात होकार असूनही पहिल्यांदा नाहीच म्हणतात, कधी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही म्हणतात, तेव्हा आपण नाउमेद होणार नाही, असं तो सांगतो. ती पुन्हा नाही म्हणते. तो पुन्हा हसून घेतो. आपण नखरा करणारी बाई नसून विचार करून खरं बोलणारी व्यक्ती आहोत, असं ती त्याला परोपरीनं सांगते. त्याला ते ऐकूच येत नाही, आणि आईबापांनी अधिकारानं सांगितलं की ही वळेल, या भरवशावर तो निघतो.

बाईचं 'नाही' म्हणजे 'नाही' धरायचं की 'जरा थांबा' असं धरायचं, हा प्रश्न आपण आज न्यायालयांत आणि सभांत लढवतो आहोत. ऑस्टिननं तो दोनशे वर्षांपूर्वी एका दिवाणखान्यात, एका पाद्र्याच्या तोंडून उभा केला. याला केवळ उपवर मुलीची गोष्ट म्हणायचं असेल तर मग गंभीर साहित्य म्हणायचं कशाला?

माझ्या म्हणण्याला सर्वांत बळकट पुरावा कादंबऱ्यांच्या घडणीतच आहे. ऑस्टिन नकार पूर्ण देते. कॉलिन्सला दिलेला नकार शब्दन् शब्द आपल्यासमोर घडतो. हन्सफर्डमधल्या पाद्र्याच्या घरात डार्सी, वर्षाला दहा हजार पौंडांचा धनी, मागणी घालतो आणि एलिझाबेथ त्याला झिडकारते, तो प्रसंग सवाल-जवाबासह अख्खं प्रकरण व्यापतो. होकार मात्र ती आटोपशीर उरकते. डार्सीची दुसरी मागणी स्वीकारताना एलिझाबेथ काय बोलली, हे आपल्याला तिच्या शब्दांत ऐकायलाच मिळत नाही, लेखिका दोन-चार ओळींत सारांश सांगते. 'एमा'मध्ये नायिका योग्य तेच बोलली असं म्हणून ती पुढे जाते. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त एडवर्डची मागणी तपशिलाविना उरकली आहे. 'मॅन्सफिल्ड पार्क'च्या शेवटी एडमंडचं मन फॅनीकडे कधी वळलं याची तारीख द्यायलाच लेखिका नकार देते. मोठा अपवाद 'पर्स्युएशन'चा, तिथे नायक वेंटवर्थचं पत्र पूर्ण छापलं आहे. पण त्या पत्राला धार येते ती आठ वर्षांपूर्वी इतरांच्या सांगण्यावरून मोडलेल्या वाङ्‌निश्चयामुळे, आणि मधल्या काळात नायिका ॲन एलियटनं चार्ल्स मसग्रोव्हलाही नकार दिलेला आहे. प्रेमकथा लिहिणारी लेखिका नेमक्या प्रेमाच्या क्षणी दिवा मालवून निघून जाईल का? तिला काय महत्त्वाचं वाटलं हे पानांच्या वाटपावरून दिसतं.

गोंधळ वाढवला तो पडद्यानं. २००५ च्या चित्रपटात डार्सीची पहिली मागणी भर पावसात, भिजलेल्या चेहऱ्यांनिशी होते. पुस्तकात ती एका पाद्र्याच्या घरातल्या खोलीत होते. चित्रपटानं रागाच्या जागी ओढ ठेवली, आणि वाचकही मग पुस्तकात तीच शोधू लागले.

नकाराची किंमत ऑस्टिननं सर्वांत निर्दयपणे मांडली आहे ती 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये (१८१४). फॅनी प्राइस ही गरीब घरची मुलगी, लहानपणापासून श्रीमंत मावशीच्या घरी वाढलेली. हेन्री क्रॉफर्ड, वर्षाला चार हजार पौंडांचा मालक, तिला मागणी घालतो. त्याआधी त्यानं तिच्या भावाला आरमारात बढतीही मिळवून दिलेली आहे, म्हणजे उपकाराचं ओझं वेगळं. ती नाही म्हणते. मावशीचे यजमान सर टॉमस तिच्या खोलीत येतात. बाहेर बर्फ आहे आणि खोलीतल्या शेगडीत विस्तव नाही, हे त्यांना पहिल्यांदाच दिसतं. दुसरी मावशी, मिसेस नॉरिस, हिनं वर्षानुवर्षं तो पेटवू दिलेला नाही. ते चकित होतात. मग तिचा नकार ऐकून ते तिला हट्टी, आपमतलबी, कृतघ्न ठरवतात, घरच्यांचा विचार न करणारी म्हणतात. ती रडून अर्धमेली होते. फेरफटका मारून परत येते तो खोलीत विस्तव पेटलेला. सर टॉमस यांनी आजपासून रोज पेटवायची आज्ञा दिलेली असते.

त्या विस्तवात ऑस्टिनची सगळी थोरवी आहे. जुलूम करणारा माणूस दुष्ट नाही. तोच ऊब देतो, तोच कोंडी करतो, आणि त्याच्या उबेमुळेच त्याला 'नाही' म्हणणं अशक्य होतं. पुढे पैशाची किंमत कळावी म्हणून तिला पोर्ट्समथला, आईबापांच्या गलिच्छ, गोंगाटी घरात धाडलं जातं. फॅनी बधत नाही. प्रतिष्ठित घरातल्या मायेच्या दडपणाबद्दल याहून खरं लिहिलेलं मला माहीत नाही.

यावर आक्षेप ठरलेला: "पण शेवटी एलिझाबेथनं दहा हजारवालाच केला ना?" केला. पण त्याला पहिल्यांदा झिडकारलं तेव्हाही तो दहा हजारवालाच होता. तिचा होकार मोलाचा ठरतो, कारण तिचा नकार खरा असल्याचं आपण आधी पाहिलेलं असतं. आणि पैशाकडे पाहून होकार देणारी बाई ऑस्टिननं लपवलेली नाही. शार्लट लुकस, वय सत्तावीस, एलिझाबेथनं नाकारलेल्या कॉलिन्सला स्वीकारते. बहीण घोडनवरी राहून मरेल ही धास्ती संपल्यानं तिच्या भावांना हायसं वाटतं. लेखिका शार्लटला शिक्षा करत नाही. तिचं घर दाखवते: नवऱ्याला बागेत रमवणारी, स्वतःची बसायची खोली त्याच्यापासून दूर निवडणारी समंजस बाई. एलिझाबेथनं काय नाकारलं याचा हा चोख हिशेब आहे.

नकाराची किंमत लेखिकेनं स्वतः मोजली होती. डिसेंबर १८०२ मध्ये हॅम्पशायरमधल्या मॅनिडाउनच्या वारसानं, हॅरिस बिग-विदर यानं, तिला मागणी घातली. संध्याकाळी तिनं होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. तेव्हा तिला सत्ताविसावं सरत होतं. १८०५ मध्ये वडील गेले आणि आई व दोघी बहिणी भावांच्या मदतीवर आल्या. चॉटनला स्थिर घर मिळालं १८०९ मध्ये, तेही भावाच्या कृपेनं. 'प्राइड अँड प्रेजुडिस'चे सर्व हक्क तिनं ११० पौंडांना विकले. तिच्या आयुष्यात कोणी डार्सी आला नाही. अविवाहित बायकांना गरिबी भोवते हे तिनं पुतणीला लिहिलं, आणि प्रेमाशिवाय लग्न करण्यापेक्षा काहीही सोसावं हेही त्याच पुतणीला लिहिलं. नायपॉल यांनी जिला भावुक म्हटलं, तिनं दोन्ही वाक्यं डोळे उघडे ठेवून लिहिली होती.

हा नकार एकट्या ऑस्टिनचा नाही. रिचर्डसनच्या 'क्लॅरिसा'त (१७४७-४८) घरचे मुलीला सोम्झशी लग्न कर म्हणून कोंडतात, लिहिण्याचं साहित्य काढून घेतात. तिच्या मागे लागलेल्या लव्हलेसच्या डावात सापडून ती घर सोडते. तो तिला गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. त्यानंतर तिचे हितचिंतकसुद्धा सांगतात, आता त्याच्याशीच लग्न कर. ती नाही म्हणते आणि मरेपर्यंत नाहीच म्हणते. बलात्कारावर लग्नाचा तोडगा आपल्याकडे आजही सुचवला जातो, हे लक्षात ठेवून ही जुनी कादंबरी वाचावी.

'जेन एअर'मध्ये (१८४७) लग्न लागता लागता रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत असल्याचं उघड होतं. जेन त्याच्यावर जीव टाकते, तरी वीस शिलिंग घेऊन निघून जाते आणि डुकरासाठी काढून ठेवलेली लापशी मागून खाण्याची वेळ तिच्यावर येते. पुढे सेंट जॉन हा पाद्री तिला आपल्यासोबत मिशनरी म्हणून भारतात चलायला सांगतो, देवाची इच्छा म्हणून पत्नी हो म्हणतो. बहीण म्हणून येईन, बायको म्हणून नाही, हे तिचं उत्तर. एक नकार प्रेमाला, दुसरा कर्तव्याला. ॲन ब्राँटेच्या 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल'मध्ये (१८४८) हेलन नवऱ्याच्या घरातून मुलाला घेऊन पळते. त्याआधी चित्रं विकून पळण्याचा तिचा बेत कळताच नवऱ्यानं तिचं रंगसाहित्य जाळलेलं असतं. नवऱ्यापासून दूर राहणं, मुलाला नेणं, कमाई स्वतःजवळ ठेवणं, यांपैकी कशाचाही हक्क कायदा तिला देत नव्हता. आणि जॉर्ज एलियटच्या 'मिडलमार्च'मध्ये (१८७१-७२) डोरोथियाचं लग्न पहिल्याच भागात उरकतं. चुकलेला होकार म्हणजे काय, हे सांगायला पुढचे सात भाग आहेत. नवरा मेल्यावरही त्याच्या मृत्युपत्राची पुरवणी तिला बजावते, अमुक माणसाशी लग्न केलंस तर इस्टेट गेली. लग्नात संपणाऱ्या गोष्टी म्हणून या साहित्याला हिणवणाऱ्यांनी ही पुस्तकं उघडलेलीच नसावीत.

दोन गोष्टी मी मान्य करतो. नकार देणाऱ्या नायिकांना लेखक पुष्कळदा सांभाळून घेतात. जेनला काकाचे वीस हजार पौंड मिळतात, क्रॉफर्ड वेळेवर दुसऱ्याच्या बायकोबरोबर पळून स्वतःची लायकी दाखवतो. प्रत्यक्षात असं क्वचित घडलं असेल. दुसरं, हा नकाराचा हक्क सभ्य घरातल्या मुलींपुरता होता. हार्डीच्या टेसला (१८९१) कोणी विचारलं नाही, तिच्यावर लादलं. पण या दोन्ही मुद्द्यांनी माझं म्हणणं ढासळत नाही. ज्यांना नाही म्हणता येत होतं त्यांनाही ते किती महाग पडे, हे या कादंबऱ्या दाखवतात. ज्यांना ते मुळीच म्हणता येत नव्हतं त्यांची कहाणी पुढे हार्डीनं लिहिली.

"हे तर आपल्याच कांदेपोह्यांसारखं!" असं म्हणून या कादंबऱ्या आपल्याशा करणारेही चुकतात. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात मागणीला उत्तर देण्याच्या वयाची अविवाहित मुलगी घरात सहसा नसेच. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'ची यमू लहानपणीच सासरी जाते आणि तिची खरी कहाणी लग्नानंतर सुरू होते. ज्या जागेत इंग्रजी कादंबरी उभी राहिली, ती जागा आपल्या मुलींना समाजानं दिलीच नव्हती.

ती एका मराठी स्त्रीनं कोर्टात उभं राहून मागितली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. दावा ज्या तत्त्वावर उभा होता, ते नांदायला जाण्याची सक्ती करण्याचं तत्त्व इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेलं होतं, आणि त्याच १८८४ साली इंग्लंडनं या कारणासाठी होणारी कैद रद्द केली होती. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. तो अपिलात फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 'केसरी'तून टिळकांनी त्यांच्यावर टीका केली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं आणि पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. हेलन ज्या कायद्यापासून पळाली, त्याच कायद्याचा एक धागा मुंबईत एका मराठी मुलीच्या गळ्याभोवती आवळला गेला होता. हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकानं तरी या कादंबऱ्यांना नवरा शोधण्याच्या गोष्टी म्हणू नये.

२०२५ मध्ये ऑस्टिनच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली, पुन्हा चित्रपट आले, पुन्हा फुलांची मुखपृष्ठं आली. त्यांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुस्तक न उघडता निकाल देण्याला. शिक्षकांनी वर्गात शेवटच्या प्रकरणाऐवजी कॉलिन्सची मागणी आधी शिकवावी. घरात उपवर मुलगी असलेल्या आईबापांनी सर टॉमस यांचं प्रकरण स्वतः वाचावं. आणि प्रेमकथा म्हणून ही पुस्तकं बाजूला ठेवलेल्या वाचकांनी ती पुन्हा हातात घेऊन प्रत्येक नायिका कुठे, कोणाला आणि किती वेळा 'नाही' म्हणाली, एवढंच शोधावं. इमर्सन यांना या पुस्तकांत लग्न दिसलं, कारण त्यांनी फक्त शेवट पाहिला.